लटकलेला कौल सोडून उठलो

हे लिहिताना मी माझं नाव घालत नाही. भ्यालो म्हणून नाही. सासरी नांदणारी लेक आहे, तिला माझ्यापायी कुणी बोलायला नको, एवढंच. शाळा चौथीपर्यंत झाली, अक्षर वाकडं आहे, पण सांगणं सरळ आहे. लोक लिहितात की देव स्वप्नात आला, वाट दाखवून गेला. माझ्याशी देव बोललाच नाही. आणि तीच त्याची कृपा होती, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

वय अडुसष्ट. न्हावऱ्याकडं ऊस आहे, कांदा आहे, बायको जाऊन आठ वर्षं झाली. नाद एकच, बैलगाड्याच्या शर्यतीचा. त्या रविवारी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, आमच्या बैलांनी पहिला नंबर काढला. अंगावरचा गुलाल तसाच ठेवून आम्ही चौघं हायवेच्या एका ढाब्यावर बसलो. दारूला मी शिवत नाही, आणि त्याचा मला केवढा माज. पण एका गाडामालकानं चिलीम पुढं केली. म्हणाला, "आबा, ही तर महादेवाची." देवाचं नाव लावलं की आमच्यासारख्याला गांजासुद्धा प्रसाद वाटतो. ओढली. मग त्यानं खिशातून दोन गोळ्या काढल्या. "घ्या, पंचविशीत जाल." त्याही गिळल्या. ढाब्यामागच्या लॉजवर एक बाई होती. तिनं माझ्या हातात निरोधचं पाकीट ठेवलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मी ते भिरकावलं, हेही आठवतं. तिचा यात काडीचा दोष नाही. आम्हा दोघांत शुद्धीवर तीच होती.

सोमवारी नशा उतरली आणि भीती चढली. तरणा असताना मी ट्रकवर क्लीनर होतो. तेव्हाचा माझा एक जोडीदार एड्सनं वाळत वाळत गेला. त्याच्या तिरडीपासून भाऊबंदसुद्धा लांब उभे राहिले होते. पहिला खांदा मी दिला होता. आता डोळ्यापुढं सारखं यायचं, माझ्या वेळी लेक एकटीच पुढं होईल. दोन दिवस भाकरी गिळेना. डॉक्टरकडं जायची छाती होईना. शेवटी ठरवलं, नाथाला कौल लावायचा. आमच्या गावच्या देवळात सोय नव्हती, तिथला गुरव माझ्या रोजच्या बैठकीतला. म्हणून बुधवारी सकाळी चौफुल्यापर्यंत एसटीनं आणि पुढं सहा आसनी रिक्षानं कासुर्डीकडच्या एका नाथाच्या देवळात गेलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतो. आपण प्रश्न घालायचा. उजवी कळी पडली तर भलं, डावी पडली तर वाईट. आणि कौल लटकला असताना जागचं उठायचं नाही. उठला तो देवाला पाठ दाखवून गेला, अशी आमच्यात समजूत. मी बसलो आणि म्हणालो, "नाथा, रविवारी मी त्या बाईपाशी गेलो. रोग लागला नसंल तर उजवी दे, लागला असंल तर डावी." माझा कान जड आहे. माझं कुजबुजणं सगळ्या मंडपात ऐकू जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

नवाचे बारा वाजले. कळी हलेना. गुरव म्हणाला, "आबा, पाणी तरी घ्या." म्हणलं, "कौल पडल्याबिगर घोट न्हाई."

तेवढ्यात मागून आवाज आला. "आबा, रविवारी किती वाजता?"

वळून पाहिलं तर पस्तिशीची एक बाई, खांद्याला पिशवी.

"तुला काय करायचंय?"

"मी दौंडच्या सरकारी दवाखान्यात ह्याच रोगाच्या तपासणीला बसते. हितं शिबिराला मंडप मिळतो का विचारायला आले व्हते. तुमचं समद्या देवळानं ऐकलंय, आता लाजून काय उपेग? बहात्तर तासांच्या आत औषध चालू केलं तर रोग टाळता येतो. जेवढं लवकर तेवढं बरं. किती वाजता?"

"दिवं लागताना."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजी आज दिवं लागंस्तवर. चला, उठा."

"कौल लटकलाय, उठता येत न्हाई. उद्या येतो."

"उद्या त्या औषधाचा उपेग न्हाई."

"देवाला पाठ दाखवू व्हय?"

"आम्ही बुद्धाचे, आबा. कौलातलं मला कळत न्हाई. घड्याळातलं कळतं."

मला राग आला. बाईचा नाही, नाथाचा. साठ वर्षं त्याच्यापुढं नारळ फोडले आणि एक शब्द मागितला तर दगडासारखा गप्प. भरल्या देवळात मी मोठ्यानं म्हणालो, "नाथा, तू बोलत न्हाईस, तर मी उठतो. कोप करायचा तर माझ्यावर कर, लेकीवर न्हाई." गुरव "आवं आबा, आवं आबा" करत राहिला. मी उठलो. मान वर ठेवून मंडपाबाहेर आलो.

आजवर कुठल्या बाईच्या मागं गाडीवर बसलो नव्हतो. तिच्या स्कूटीवर बसलो. म्हणाली, "मिशा धरून बसा, वारं हाय."

दवाखान्याच्या रांगेत सोयऱ्यातला एक जण भेटलाच. "आबा, हिकडं कुठं?" उपरण्यात तोंड लपवावं वाटलं. पण देवाला पाठ दाखवून आलेला माणूस ह्याला काय भिणार? म्हणलं, "चूक केलीया, तपासायला आलोय. तू कशाला आलायस?" तो पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, सगळं विचारलं. गोळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ब्लडप्रेशरच्या माणसानं अशी कुणीही दिलेली गोळी गांजावर घ्यायची म्हणजे लॉजवरच तिरडी, असं तोंडावर सुनावलं. ऐकून घेतलं. दिवे लागायच्या आधी पहिली गोळी माझ्या पोटात होती. अठ्ठावीस दिवस ते औषध घेतलं. मळमळायचं, पण एक दिवस चुकवला नाही. मधेच परमा, असल्याच संगतीनं लागणारा लघवीचा रोग, निघाला, तो वेगळ्या औषधानं गेला. त्या दिवसांत कासुर्डीकडच्या त्या गुरवानं कुठून तरी नंबर मिळवून फोन केला. "आबा, तुमी गेल्यावर कौल पडला. कंची बाजू सांगू का?" म्हणलं, "सांगू नगंस." जे मला रक्त देऊन कळणार होतं, ते कळ्यांना विचारून मी नाथाला उगाच कोड्यात टाकलं होतं.

तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. रोग नाही. हे औषधानं झालं की नाथानं, असं मला लोक विचारतात. मी वाद घालत नाही. कळी सकाळीच उजवीकडं पडली असती, तर मी पेढे वाटत घरी गेलो असतो, आणि ती बाई मला भेटलीच नसती. एवढंच मला माहीत आहे.

पुढच्या घाटात पुन्हा चिलीम फिरली. मी सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. तोच गाडामालक हसला. "आबा आता कीर्तनाला उभं ऱ्हाणार!" म्हणलं, "ऱ्हातो, तू टाळ वाजीव." सगळे खिदळले. मी हललो नाही. बैल सोडायच्या वेळी त्या खिदळणाऱ्यांतलाच एक जण जवळ आला, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "आबा, ती दवाखान्यातली बाई कंच्या वारी असती?"

त्याला घेऊन मी दौंडला गेलो. तो आत गेला, मी बाहेर बाकावर बसलो. शरण जायचं म्हणजे हात जोडून हलायचं नाही, असं मी जन्मभर समजत आलो. देवानं मला उठवलं, तेव्हा कुठं मी त्याला शरण गेलो. बाकावर बसल्या बसल्या हात आपोआप जोडले गेले. नाथाला, त्या बाईला, लॉजवरच्या त्या दुसरीलाही. आत त्याचं नाव पुकारलं, आणि "हाय" म्हणाल्याचा आवाज मला ह्या जड कानानं स्पष्ट ऐकू आला.