पिशवीतलं पांघरूण

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. गाढवपणे मी पुष्कळ केलेत हो, पण धडधाकट बाळंतिणीला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेण्याची मजल एकदाच गेली.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी नुकताच एमएस्सी झालेलो आणि ठाण्यातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागलेलो. रविवारी डोंबिवलीत चौकात उभा राहून अंधश्रद्धेवर भाषणं ठोकायचो. देश बदलायचा होता, आणि तोही लवकर!

आमच्याकडे भाजलेल्या रुग्णांसाठी तेव्हा एक भारी इलाज होता. पोटात बाळाभोवती पाण्याची पिशवी असते ना, तिचा आतला पडदा. कांद्याच्या पापुद्र्यासारखा. बाळंतपणात बाळामागून वार पडली की तो तिच्यावरून अलगद सोलायचा, मिठाच्या पाण्यात धुवायचा आणि जळलेल्या अंगावर पसरायचा. आग कमी होते, खालून नवी कातडी धरायला लागते. आणि लोक या पडद्याचं काय करतात? वारेबरोबर पुरून टाकतात! मला हे सहनच व्हायचं नाही.

त्या आठवड्यात वॉर्डात नऊ वर्षांची सुमन होती. स्टोव्ह भडकलेला. अख्खी पाठ गेलेली. पालथी पडल्या पडल्या ती मला रोज विचारायची, "दादा, माझी नवी पाठ कधी आणणार?"

म्हणून मी रोज सायकल मारत कोलशेत रस्त्यावरच्या एका प्रसूतिगृहात जायचो. तिथल्या डॉक्टरीणबाई घरच्यांना विचारायच्या. हो म्हणाले, तर पडदा माझा. त्या दिवशी दुपारी बाळकुमच्या एका कोळ्याच्या सुनेला मुलगा झाला. मी उत्साहाने आत शिरलो, तर दारात तिची सासू. मथुराई. कासोट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि डोळे असे, की त्यांची पापणी लवताना मी तरी पाहिली नाही.

"वार घरी जानार," ती म्हणाली. "दिवस बुरायच्या आत अंगनात पुरायची. वरती दिवा. आमच्यात तसाच हाय."

मी व्याख्यान सुरू केलं. पेशी, ऊती, विज्ञान, येणारं एकविसावं शतक! तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झाला तुझा?"

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला ओढलं. "त्या नाही म्हणाल्यात. हात लावायचा नाही. कळलं?"

कळलं की! पण मी मनात म्हटलं, म्हातारीला वार हवी आहे ना? वार देऊ. पडद्याशी तिला काय करायचंय? मागच्या खोलीत पाच मिनिटं, हातमोजे, चिमटा. पडदा सर्रकन सुटला. वार मथुराईच्या मडक्यात, पडदा माझ्या बाटलीत, बाटली खांद्यावरच्या शबनम पिशवीत. दोन्ही बाजू खूश! मी चक्क शीळ घातली.

शीळ संपते न संपते तोच मागून आवाज. मथुराई. काखेत मडकं.

"सायकल हाय ना? मना घरी सोर."

चोराला नाही म्हणता येतं का हो?

तर आता डोळ्यांसमोर आणा. मागे कॅरिअरवर मथुराई, तिच्या मांडीवर मडकं, माझ्या खांद्याला बाटली. ऊन उतरलेलं. एका बाजूला तिवरं, खाडीकडून चिखलाचा वास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एकाच वस्तूचे दोन भाग एकाच सायकलवरून चाललेत, हे फक्त मला ठाऊक! शबनममध्ये बाटली डुचमळत होती. मी पेडल मारायचं थांबवलं. तरी डुचमळत होती.

"घाम कनाला रं येतय? पाठ भिजली तुझी."

"चढ आहे ना, आजी."

तिने कॅरिअरवरून वाकून रस्त्याकडे पाहिलं. "खारीकाठी चढ?"

रस्ता पाटासारखा सपाट होता.

अंगणात खड्डा तयार होता. चार-पाच बाया भोवती उभ्या. एकीने माझ्या हातात चहाची कपबशी दिली, म्हणून मी अडकलो. मथुराईने केळीचं पान पसरलं, वार त्यावर काढली आणि कंदील जवळ घेतला. जाळं कुठे फाटलंय का बघावं, तशी ती बोटांनी वार उलगडत होती. एकदा. दोनदा. मग ती वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "तुझा पांघरून कुठं ठेवलंस गं?"

ती वारेशी बोलत होती!

पांघरूण माझ्या कमरेपाशी होतं. गार. मथुराई उत्तराची वाट पाहत असल्यासारखी थांबली. वारा पडलेला, तरी कंदिलाची ज्योत एकदम लांब झाली. मग तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मेलो, म्हटलं. पण ती माझ्यातून आरपार पाहत होती.

"परदा नाय," ती म्हणाली. "सुनेच्या पोटात रायला."

बायांनी तोंडावर हात नेले. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "तीस वर्सं सुईन हाय ती. परदा आत रायला का ताप भरतो, बाई जाते. तिची भैन तशीच गेली."

म्हणजे मी दुपारी जिला अंधश्रद्धा म्हणत होतो, ती तपासणी होती! पुरण्याआधी ही बाई प्रत्येक वार उजेडात धरून पुरी आहे का ते बघत होती.

इथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य! चौकात शंभर माणसांपुढे गर्जणारा मी. पण मी चहाच्या कपात तोंड खुपसलं. समोरचा खड्डा मला अगदी बेताचा बसला असता, असं उगाच वाटत राहिलं. तेवढ्यात मथुराईने वार पानात गुंडाळली आणि मासळीच्या टेम्पोत बसून ती प्रसूतिगृहाकडे निघालीसुद्धा.

मी सायकल हाणली. अर्ध्या वाटेत चेन पडली. अंधारून आलेलं, हात काळे झालेले, आणि मागे तिवरांत काहीतरी चुबुक चुबुक करत होतं. खेकडे असणार. खेकडेच.

प्रसूतिगृहाबाहेरूनच बाळाचा टाहो ऐकू आला. आत सून स्ट्रेचरवर, तोंडात पदर कोंबून रडतेय. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक. समोर केळीच्या पानावर वार. "दुपारी मी स्वतः पाहिली होती," त्या स्वतःशीच बोलत होत्या. "पुरी होती. की दोन बाळंतपणं एकदम होती म्हणून..." मग मोठ्याने, "भूल द्यायची तयारी करा. आत बघावं लागेल."

नर्सने सुनेचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीकडे वळवलं. ते पाहिलं आणि माझी जीभ सुटली.

"बाई, आत काही नाही. इथे आहे."

मी बाटली वर धरली. दिव्याच्या उजेडात पडदा पाण्यात हळूहळू वर येत होता, खाली जात होता, श्वास घ्यावा तसा. आणि तासभर टाहो फोडणारं ते बाळ एकदम गप्प झालं. योगायोग! मी आजही योगायोगच म्हणतो. जरा हळू आवाजात म्हणतो, इतकंच.

डॉक्टरीणबाई मला जे बोलल्या, ते लिहिण्यासारखं नाही. मथुराईने बाटली माझ्या हातून घेतली.

"कोनासाठी चोरलास?"

मी सुमनचं सांगितलं. स्टोव्ह, पाठ, ती रोज काय विचारते ते सगळं.

"ह्या दुपारीच का नाय सांगितलास? नुस्ता पेशी पेशी करत व्हतास!"

खरंच की हो! अर्ध्या तासाच्या व्याख्यानात मी सुमनचं नावच घेतलं नव्हतं.

मथुराई सुनेपाशी जाऊन काहीतरी पुटपुटली. सुनेने डोळे पुसले, बाटलीच्या काचेवरून एकदा बोट फिरवलं आणि मान हलवली.

"ने," मथुराई म्हणाली. "आमच्या पोराचा पांघरून हाय, नीट घाल तिला. आनि पाठ केवरी हाय पोरीची?"

मी दोन्ही हातांनी दाखवली.

"मंग एका परद्यानं काय व्हनार, येऱ्या?" वेडा म्हणजे मी.

त्यानंतर बाळकुमातून मला पडदे कमी पडले नाहीत. प्रत्येक घरी मथुराई आधी स्वतः जाऊन सुमनची गोष्ट सांगायची, वार उजेडात धरून बघायची आणि मगच मला हाक मारायची, "ये रं चोरा, घे." पावसाळा सरता सरता सुमन नव्या पाठीवर उताणी झोपायला लागली.

सात-आठ वर्षांनी माझी बायको त्याच प्रसूतिगृहात बाळंत झाली. मथुराई काठी टेकत आली. कुणी बोलावलं होतं, मला माहीत नाही. तिने वार खिडकीच्या उजेडात धरली, उलगडली, पुन्हा उलगडली. मी दारात श्वास रोखून उभा.

"पुरी हाय," ती म्हणाली.

मी हुश्श केलं.

तशी ती नर्सकडे वळली. "तरी त्याची शबनम बघा."