हवालदार मास्तर आणि हरणाबाईचा दाखला

आकाराम हवालदार बोलायला लागले की आधी दोनदा घसा खाकरायचे, मग उजव्या हाताचं बोट वर जायचं आणि मग सुरुवात, "एक बात सुनो. कसं हाय..." मला ते खाकरण्यासकट येतं. त्यांच्या वर्गातल्या बायका म्हणायच्या, "कर की गं मास्तरांचं," आणि मी करायचे. एकदा मास्तर मागंच उभे होते. रागावले नाहीत. म्हणाले, "बोट जरा आणखी वर पायजे."

पलटणीत ते शिक्षण हवालदार होते, म्हणजे जवानांना लिहायवाचायला शिकवायचं काम. तिथं शिट्टी वाजली की तीस दांडगे गडी पाट्या घेऊन मांडी घालून तयार. पेन्शनीत आल्यावर त्यांनी आष्ट्याजवळच्या आमच्या गावात बायकांचा वर्ग काढला. लहानपणी शाळा सुटलेल्या बायकांना सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसवायचं. वर्ग भरायचा आमच्या पडवीत, दुपारी एक ते तीन, म्हणजे रानातनं आल्यावर आणि धारांच्या आधी.

शिट्टी त्यांनी इथंही आणली. पहिल्या दिवशी बरोबर एकला वाजवली. चार कुत्री आली.

बायका आल्या पावणेदोनला. मास्तरांचं बोट वर गेलं. "फौज में ऐसा नहीं चलता."

अंबूबाई म्हणाली, "आवं मास्तर, फौजंत भाकरी कोन करतं?"

"लंगर असतो."

"मग आमाला बी एक लंगर काढून द्या. शिट्टीच्या आदी येतो."

नऊ बायकांनी सुरुवात केली होती. दिवाळीपर्यंत तीन उरल्या. एकीच्या घरी उसाची लागण निघाली, एकीची सून बाळंतपणाला आली, एकीला नवरा म्हणाला, आता म्हातारपणी काय मामलेदार हुनार हाईस का. मास्तर प्रत्येकीच्या दारात जाऊन यायचे. चहा पिऊन यायचे, बाई घेऊन यायचे नाहीत. आल्यावर पडवीच्या खांबाला टेकून म्हणायचे, "दुश्मनाच्या गोळीचं एक बरं असतं. कुठनं येती ती कळतं तरी."

उरलेल्या तिघींत खरी विद्यार्थिनी एकच, हरणाबाई. जतकडच्या मेंढपाळाची लेक, आमच्या गावातल्या ज्ञानू हाक्याला दिलेली. वय अठ्ठावीस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की' लावायची. "लिवलं की. पाठ हाय की." अपूर्णांकात सगळ्यांची दांडी उडायची, हिची नाही. गावात नवी बालवाडी निघणार होती आणि तिथल्या बाईला सातवी पास पाहिजे होतं. जूनपर्यंत. हरणाबाईला ती जागा पाहिजे होती. ती कुणाला बोलली नव्हती, पण गल्लीतली पोरं धरून रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून गाणी म्हणवायची, आणि मास्तरांसारखं बोटही वर करायची.

परीक्षेचा अर्ज भरायला शाळा सोडल्याचा दाखला लागणार होता. मास्तर म्हणाले, "चौथी कुठं झाली?"

"जतकडं, गावच्या शाळंत. पास हाय की."

दोघं एस.टी.नं जाऊन आले. आले ते वेगळ्याच तोंडानं. मास्तरांनी दाखला माझ्या आईसमोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, धुळा बिरा कोकरे, इयत्ता चौथी, उत्तीर्ण.

"धुळा कोन?" आई म्हणाली.

"माजा थोरला भाऊ की," हरणाबाई म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. बापानं धुळाचं नाव शाळेत घातलं आणि पाऊस सरला तसा त्याला मेंढरांमागं नेलं. पट कमी झाला तर शाळा बंद होईल म्हणून गुरुजी बापाला म्हणाले, तुझी पोरगी मोकळीच फिरते, ती बसू दे त्याच्या जागी, पोरगा आला की उठंल. बाप म्हणाला, बसू दे, पण तिचं नाव घालू नका, ती जाणार परक्याच्या घरी. पोरगा काही आला नाही. चार वर्षं "धुळा बिरा" अशी हाक आली की हरणाबाईनं "हजर" म्हटलं. दिपोटीसाहेब तपासणीला यायचे त्या दिवशी भावाचं लाल मुंडासं बांधून बसायची. चौथीची परीक्षा तिनं दिली, पास तो झाला.

मास्तर दोनदा खाकरले आणि दाखला उचलून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून मी आजवर पाहिलेला नाही, पण मास्तर रागात त्याचा आवाज इतका बेमालूम काढायचे की मला तो ओळखीचा झाला. नाकातनं बोलणारा, दर दोन शब्दांनी सुपारी गालात सरकवणारा.

"'त्याचं असं आहे हवालदारसाहेब,' म्हनतो. 'दाखला धुळाचा, अर्ज हरणाबाईचा. आम्ही काय समजायचं?' मी म्हनलं, बाई शिकली, भाऊ न्हाई शिकला, एवढंच समजा. 'ते आपण म्हणता. कागद काय म्हणतो?' म्हनतो. आनि मग हळूच म्हनतो, 'सोपं आहे. बाईंनी लिहून द्यावं, मी कधीच कुठल्या शाळेत गेले नाही. मग दाखला लागतच नाही.'"

आईला हे पटलं. मास्तरांनाही पटलं होतं, कारण कागद त्यांनी तयारच करून आणला होता. खाली फक्त सही राहिली होती.

हरणाबाईनं कागद वाचला. ओळीखाली बोट धरून, सावकाश. मग घडी घालून परत दिला.

"म्या न्हाई करनार सई."

"का?"

"गेलते की शाळंत."

"हरणाबाई, एक बात सुनो. कागदावर तू गेली नव्हतीसच. आता पुना कागदावर न्हाई गेलीस तर काय बिघडलं?"

"चार वर्सं त्याच्या नावानं वरडले. आता आपल्या हातानं लिवून देऊ, गेलेच न्हाई म्हनून?"

"बालवाडी जाईल."

"जाईल की."

मास्तरांनी शिट्टी गळ्यातनं काढली आणि खुंटीला अडकवली. म्हणाले, "बावीस वर्सं शिकवलं. एका जवानानं हुकूम मोडला न्हाई. आनि हितं तीन बाया हाईत, तिन्ही जनरल." आणि घरी गेले.

पण माणूस गप्प बसणारा नव्हता. अर्जाची शेवटची तारीख चार दिवसांवर होती. थंडीत जतकडची मेंढरं नदीकाठच्या रानात बसायला येतात, तशी धुळाचीही आली होती. मास्तर सायकल घेऊन रानंच्या रानं फिरले आणि तिसऱ्या दिवशी त्याला गाठलं. पडवीत घेऊन आले. सहा फुटी माणूस, खांद्यावर घोंगडं, दारातनं वाकून आत आला आणि बहिणीला म्हणाला, "मी चौथी पास हाय म्हनं? मला कुनी सांगितलंच न्हाई."

"लय हुशार हुतास तू," हरणाबाई म्हणाली. "गनितात पयला आलास."

मास्तरांनी निवेदन लिहिलं. मी धुळा बिरा कोकरे, शाळेत एक इयत्ताही शिकलो नाही, माझ्या नावावर शिकली ती माझी बहीण. खाली धुळानं अंगठा दाबला. मास्तरांना त्या अंगठ्याचा केवढा आनंद. "चौथी पास मानूस अंगठा लावतो का? आता सांग म्हनावं, आनि काय पुरावा पायजे."

कारकुनानं कागद घेतले. अंगठा बघितला, सुपारी सरकवली. "त्याचं असं आहे, हे आता वर सांगलीला पाठवावं लागेल."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मास्तरांनी आठ स्मरणपत्रं धाडली. मार्चच्या शेवटी लिफाफा आला. मास्तरांनी उभ्यानंच फोडला, वाचला, खाली बसले आणि माझ्याकडं दिला. मी मोठ्यानं वाचलं. सादर कागदपत्रांवरून श्री. धुळा बिरा कोकरे हे चौथी उत्तीर्ण असल्याची खात्री पटल्याने त्यांस सातवीच्या परीक्षेस बसण्यास परवानगी देण्यात येत आहे.

मला ह्या वेळी कुणाचाच आवाज काढावासा वाटला नाही.

"ह्या वक्ताला मुंडासं बांदून जाऊ का?" हरणाबाई म्हणाली.

"न्हाई," मास्तर म्हणाले.

"म्या बी न्हाईच म्हनत हुते."

मास्तर आणखी तीनदा कचेरीत जाऊन आले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा कारकून रजेवर. तिसऱ्यांदा दोघंही होते आणि दोघंही म्हणाले, आता पुढच्या वर्षी. परीक्षा झाली. मेमध्ये कळलं की बालवाडीला दुसऱ्या गावची मुलगी येणार.

त्या शनिवारी दुपारी एकला पडवीत शिट्टी वाजली. मास्तरांनी कुठनंतरी सातवीचा गणिताचा पेपर मिळवला होता. हरणाबाई आधीच येऊन बसली होती. "दोन घंटे. सुरू," म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. अंबूबाई चौकशीला आली, तिला बोट दाखवून दारातच थांबवलं. हरणाबाईनं सगळ्यात वर लिहिलं, हरणाबाई ज्ञानू हाके, आणि मग मान वर केली नाही.

पेपर त्यांनी तिथंच तपासला, लाल पेन्सिलीनं, हात आखडता ठेवून. एका उदाहरणाचा अर्धा गुण कापला तेव्हा ती म्हणाली, "उत्तर बरुबर हाय की."

"रीत चुकली."

शंभरापैकी साडेएकसष्ट झाले.

"म्हंजी पास का?"

"हितं पास."

"आनि तितं?"

मास्तर खाकरले. पेपराची घडी घालून दाखल्याच्या पिशवीत घातली. "तितं उद्या जातो. सकाळच्या आठच्या गाडीनं."

"उद्या ऐतवार हाय, मास्तर."

बोट अर्ध्यापर्यंत वर गेलं होतं, ते खाली आलं.

"मग सोमवारी," ते म्हणाले. "तू तवर रीत नीट कर."