अस्वल्याची कातरणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटाला हसू येईलच याची खात्री मी देत नाही. मूर्खपणा कुणाच्या हातून होत नाही? पण मी जो केला, तो आमच्या कन्हेरीच्या वस्तीवर आजवर दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. मी भर चैत्रात कुत्रं कातरलं!

होय, कुत्रं. मेंढरू नव्हे.

संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा बारामतीच्या भिंतींवर चुन्यानं रंगवल्या जात होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. आम्ही मूळचे मेंढरंवाले. रानाला कालव्याचा पाट मिळाला तशी बरीच मेंढरं विकली आणि कांदा, वांगी, भेंडी लावून बारामतीच्या बाजाराला जाऊ लागलो. थोडी मेंढरं तेवढी आबांनी हट्टानं ठेवली. आबा म्हणजे माझे वडील. आणि मेंढरांच्या राखणीला ठेवला अस्वल्या.

हे पिल्लू इंदापूरकडच्या एका पाहुण्यानं दिलेलं. वाढलं आणि त्याच्या अंगावर केस आले, असे केस आले, की पुढून कुठलं आणि मागून कुठलं हे शेपूट हलल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून नाव अस्वल्या. मोतीबिंदू पिकून आबांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून तर अस्वल्या म्हणजेच आबांची वाट. मानेवरचे केस मुठीत धरायचे, "चल रं" म्हणायचं, की अस्वल्या त्यांना बांधाबांधानं मेंढरांपर्यंत नेऊन पोचवायचा. आम्हा कुणाचा हात मात्र आबा धरायचे नाहीत. म्हणायचे, "तुमी लई वडता. त्यो बरूबर चालतो."

त्या वर्षी आबांनी अंथरूण धरलं. ताप हटेना, अंगात काही राहीना. वैद्यांनी नाडी बघितली आणि मला बाहेर बोलावून नुसती मान हलवली. काय ते मी समजलो.

आबांना दुसरं काही नको होतं. खाटेवरून हात खाली सोडायचे आणि विचारायचे, "अस्वल्या कुठं हाय?"

आणि अस्वल्या होता अंगणात, बांधलेला. कारण आमची हौसा. हौसा म्हणजे माझी बायको. तिचंही चुकत नव्हतं म्हणा. कुत्र्याच्या अंगावर गोचिडी लोंबत होत्या, पिसवा उड्या मारत होत्या, पोटाखालच्या केसांचे गोखरू अडकून घट्ट गोळे झाले होते.

"अवं, मामंजींच्या अंथरुणात एक गोचीड गेली तर त्यास्नी हात वर करून काढायची बी ताकद न्हाय," हौसा म्हणाली. "आदी त्येला चांगला सोच्छ करा, मग खुशाल खाटंवर निजवा."

एवढं सोपं काम होतं. कुत्रं स्वच्छ करायचं आणि आबांच्या हाताशी नेऊन बसवायचं. यात चुकायला जागा आहे का, तुम्हीच सांगा!

त्यात माझं दुर्दैव असं, की त्याच आठवड्यात कालव्याच्या साहेबांच्या बंगल्यावर भाजी द्यायला गेलो. तिथं साहेबांच्या बाई व्हरांड्यात बसून आपल्या पांढऱ्या कुत्र्याला ब्रशनं विंचरत होत्या. ते कुत्रं डोळे मिटून नवरीसारखं बसलेलं! मी विचारलं, तेव्हा बाईंनी सगळं नीट सांगितलं. रोज विंचरायचं. गुंता असेल तर तेलाचं बोट लावून हळूहळू सोडवायचा. अंघोळ सारखी घालायची नाही. आणि केस कापायचे नाहीत, कारण थंडीत ऊब देतात तसेच ते उन्हापासूनही कातडी राखतात.

मी "हो बाई, हो बाई" म्हणत सगळं ऐकलं. पण सायकलवर बसलो आणि धनगराचा हात शिवशिवायला लागला. गुंता सोडवत बसायचं? ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कातर चालली, त्यानं? पार जळोची गावापर्यंतचे लोक मला कातरणीला बोलवायचे हो! आख्खी लोकर एका घोंगडीसारखी उतरवायचो, मेंढरू हूं म्हणायचं नाही.

घरी आलो आणि कातर काढली.

अस्वल्याचे चारी पाय मेंढरासारखे बांधले आणि मानेपासून जो सुरू झालो तो शेपटीच्या शेंड्यापर्यंत! मग कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी ओतलं, लाल साबण घासला, वर करंजाचं तेल चोळलं. गोचिडी एकूण एक वेचल्या. पाय सोडले आणि बाजूला झालो.

अरे देवा. अस्वलातून हे काय निघालं? काडीसारखे पाय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि त्यावर ते भलंमोठं डोकं. अंगाची कातडी गुलाबी. अस्वल्यानं मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही, हौसानंसुद्धा नाही.

गळ्यातली दोरी सोडताच तो मेंढरांकडे पळाला. बिचारा आपल्या माणसांत गेला, पण मेंढरांनी ओळखलं तर ना! त्याला बघून कळपानं बें करून जी धूम ठोकली ती सरळ शेजारच्या तात्यांच्या कांद्यात. तात्या काठी घेऊन आरडत आले.

"सका! आरं ह्यो कुठला लांडगा सोडलास कांद्यात?"

"लांडगा न्हाय तात्या, आपला अस्वल्या हाय."

तात्यांनी वाकून न्याहाळला. "काय झालंय त्येला? रोग हाय का कसला?"

"मी कातरलाय."

तात्यांनी काठी खाली ठेवली आणि म्हणाले, "जा बाबा घरला. बापाच्या दुखण्यानं तुझं डोस्कं ठिकाणावर न्हाय."

असो. म्हटलं, जग हसू दे, आबांचं काम झालं. अस्वल्याला उचलून आत नेलं, खाटेपाशी बसवलं आणि आबांचा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला.

"आबा, आणलाय बगा अस्वल्या."

आबांचा चेहरा उजळला. बोटं पाठीवरून फिरली, मानेपर्यंत गेली, तिथं मूठ मिटायला बघू लागली आणि मिटेना. धरायला होतंच काय? आबांनी हात मागे घेतला.

"ही शेरडी कुणाची रं?"

"शेरडी न्हाय आबा, अस्वल्याच हाय. जरा साफ केलाय."

आबांनी वास घेतला. साबणाचा, करंजाचा. "माझ्या अस्वल्याला असला वास न्हाय."

"आबा, खरंच त्योच हाय!"

"मग भुकू दे की."

आता अस्वल्या एरवी पान हललं तरी भुंकायचा. पण त्या दिवशी तोंड मिटून, शेपूट पोटाखाली घेऊन, भिंतीकडे बघत बसला होता. मी हात जोडले, भाकरी दाखवली, कानात कुजबुजलो. तो हूं नाही की चूं नाही. आबांनी त्याला बोलवायला तोंडानं शीळ घालायचा प्रयत्न केला, पण नुसती हवाच निघाली. ती शीळ कुत्र्यालाही कळली नसेल.

आबांनी हात छातीशी घेतला. मग म्हणाले, "मेला व्हय रं त्यो?"

"न्हाय वो आबा!"

"मेला. आन म्हाताऱ्याला कळू नये म्हून दुसरं आणून बशिवलंय." त्यांच्या बंद डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. माझी आई गेली त्या वेळीही आबांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

धावत बाहेर आलो. "हौसा, त्येचं कातरलेलं क्यास कुठं हाईत?"

"चुलीत! गोचिडी व्हत्या की त्येच्यात. आता रं देवा, क्यास काय परत चिकटिवणार हाय व्हय?"

खरं सांगू? तोच विचार होता माझा. केस जळाले, तर मग दुसरं काय? घरात लोकरीचं गाठोडं होतं. त्यातली काळी लोकर निवडली, सुतळीनं अस्वल्याच्या पाठीवर बांधली आणि पुन्हा आबांपुढे हजर! आबांनी दोन बोटांत लोकर चुरगाळली.

"मेंढीची हाय. औंदाच्याच कातरणीची." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मरणाच्या दारात बसलेल्या धनगराला मी लोकर ओळखता येणार नाही असं धरून चाललो होतो! शहाणपणाची कमालच की नाही?

त्या दिवसापासून आबांनी पेजेचं भांडं बाजूला सारलं. हौसा चमचा तोंडाशी न्यायची, तर "राहू दे पोरी" म्हणायचे. अस्वल्याच्या पाठीवर उन्हानं फोड आले. त्याला खोबरेल लावत मी खाटेखाली बसून असायचो. वर बाप उपाशी, खाली कुत्रं भाजलेलं, आणि दोन्ही माझीच करणी.

एका दुपारी खाटेला टेकून बसलो होतो आणि मला रडू आलं. खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि आवाज न करता रडत राहिलो. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच. आबा पडले तेव्हाच मी बिरोबाला नवस बोललो होतो, आबा उठून बसेपर्यंत डोक्याला वस्तरा लावणार नाही, तेल-फणी करणार नाही. त्यामुळे डोक्यावर ते रान माजलेलं!

आबांचा हात खाटेवर चाचपडत होता. तो माझ्या डोक्यावर पडला. बोटं केसांत शिरली आणि मूठ मिटली.

"आलास व्हय रं अस्वल्या?"

मी श्वास रोखला.

तुम्ही म्हणाल, माणसाचं डोकं आणि कुत्र्याची मान कळू नये? तापात असतात हो बोटंही. आणि ज्याची इतकी वाट बघितली, ते हाताला लागलं की माणूस अधिक चौकशी करत नाही.

"कुठं गेल्तास? हे लोक म्हनत्यात काय, आन आणत्यात काय..." आबा हसले. कित्येक दिवसांनी हसले. "किती घाण झालास रं! त्या सकाला सांगतो, धू म्हून. सका येडा हाय जरा. पर मनाचा वाईट न्हाय. मी गेलो की त्येच्याकडं ध्यान दे. त्येला एकट्याला ऱ्हाऊ देऊ नगं."

आबा आयुष्यात माझ्याशी इतकं बोलले नव्हते. बोललो असतो तर हात निघाला असता, म्हणून गप्प राहिलो. हौसा दारात पेज घेऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि पुढे होऊन आबांना चमचा दिला. आबा प्यायले! माझ्या केसांतली मूठ न सोडता वाटीभर पेज प्यायले.

झालं, तेव्हापासून मी अस्वल्या झालो. सकाळी खाटेपाशी बसायचं, डोकं द्यायचं, गप्प राहायचं. खरा अस्वल्या शेजारी बसून हे सगळं बघायचा, आणि त्याला काय वाटत असेल याचा मी विचार करत नसे.

पण एक पेच पडलाच. एकदा पेज पिऊन झाल्यावर आबांनी विचारलं, "सका कुठं हाय गं? येत न्हाय त्यो माझ्याजवळ?"

हौसा माझ्याकडे बघायला लागली. मी हळूच डोकं सोडवलं, पाय न वाजवता दारापर्यंत गेलो, तिथून वाजवत आलो आणि म्हणालो, "आबा, आलो की मी!"

आबांचा हात खाटेवर घाबरा होऊन फिरू लागला. "बग, गेला! तू आलास की त्यो पळतो. लई हाणलंस का रं त्येला? जा, तू भाईर जा. त्येला यिऊ दे."

काय करणार? गेलो बाहेर. आणि गुडघ्यांवर पुन्हा आत आलो.

नंतर आबांनी विचारलं, की हौसा सांगायची, "बारामतीला गेल्यात, मामंजी. माल घिऊन."

"कवाबी बगावं तर बाजारातच!" आबा पुटपुटायचे. मी त्यांच्या हाताखाली बसून ऐकायचो.

एका सकाळी पेज नको म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. "सका आला न्हाय गं?"

हौसानं मला बोलायची खूण केली. मी तोंड उघडलं, "आबा" म्हणणार, तेवढ्यात त्यांची मूठ माझ्या केसांत घट्ट झाली. मला वाटलं, आता डोकं सोडवून घेतलं तर त्यांचा हात रिकामा राहील. मूठ सैल झाली की सांगू, असं मनाशी म्हणालो आणि गप्प बसलो.

मूठ सुटली तेव्हा सांगायला कुणी उरलं नव्हतं.

तात्या समाचाराला आलेल्या सगळ्यांना सांगत होते, "पोरगा हलला न्हाय बापाजवळनं. शेवटपत्तुर उशाला व्हता." मी मान खाली घालून ऐकत होतो. उशाला होतोच की मी. आबांच्या लेखी मात्र तिथं कुत्रं होतं, आणि मी बारामतीच्या बाजारात.