केळीच्या राखणीला बसलेली कॉलनी

आमच्या बुऱ्हाणपुरात माणूस नुसता बसलेला दिसला की लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना? दुकानात बसा, दारात मेथी निवडत बसा, बँकेच्या रांगेत बसा, सगळं चालतं. पण हवा खात, काही न करता बसणं गावाला झेपत नाही. म्हणून शनवारा वेशीच्या पलीकडे आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर बगीचा करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथे जाऊन बसणार कोण, हे कोणीच विचारलं नाही. मी विचारणार होते. पण मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. मी तोंड उघडलं की लोकांना वाटतं, आता गृहपाठ मिळणार.

मला मात्र तो बगीचा हवाच होता, कारण माझं दुखणं घरातच होतं. आमचे हे जळगावकडचे. सगळी नोकरी कागदाच्या मिलमध्ये गेली. मिलच्या क्वार्टर्समध्ये पाळी सुटली की सगळी माणसं पुलाच्या कठड्यावर जमायची आणि ह्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. निवृत्त झाल्यावर आम्ही माझ्या माहेरगावी राहायला आलो आणि तो आवाज बंदच झाला. इथे सगळे एकमेकांचे साडू, व्याही, भागीदार. हे फक्त ‘मॅडमचे मिस्टर’. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. पुण्याहून मुलीचा फोन आला तर ‘हूं’ म्हणून माझ्या हातात द्यायचे. डॉक्टर म्हणाले, लोकांत मिसळा. मी म्हटलं, डॉक्टर, गोळी द्या, ती तरी हे घेतील. वरून चेष्टा करत होते, पण आतून मी फार घाबरले होते. माणूस घरात असून नसल्यासारखा होत चालला होता.

तर बगीचा. बाकं आली, फाटक लागलं, झाडं राहिली. समितीचे अध्यक्ष केळीचे व्यापारी, निंबोल्याला त्यांची शेती. ते म्हणाले, “मॅडम, निंबोल्याले लागवड झाली, रोपं बची गेली. फेकण्यापेक्षा इथंच लगावून देऊ. कोन्यात दोन-चार, शोभेले.”

दोन-चार म्हणजे काय हरकत होती? पण रविवारी सकाळी खड्डे खणायला जी मंडळी आली त्यांतल्या प्रत्येकाची केळी तरी होती, केळीवाला सासरा तरी होता, नाहीतर केळी वाहणारा ट्रक तरी. कोणीतरी सवयीने दोरी ताणली. दोरी ताणली की आमच्या माणसांचे हात आपोआप चालतात. मी दुपारी गच्चीवर वाळवण उलटायला गेले आणि बघते तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केळीच्या रांगा, मध्ये ठिबकच्या नळ्या, आणि बाकं बिचारी रांगांत अडकलेली. मी वरूनच ओरडले, “अहो अध्यक्ष, बगीचा कुठे गेला?”

त्यांनी घाम पुसत मागे वळून पाहिलं. जरा वरमले. मग म्हणाले, “पर लाइन सीधी आली ना, मॅडम?”

लाइन खरोखर सरळ होती. काही महिन्यांत झाडं डोक्याच्या वर गेली आणि बगीच्यात चिटपाखरूही फिरकेना. फिरायला जागा नाही आणि शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते दिसत नाही. बायका म्हणायच्या, तिथे जायचं तर विळा घेऊन जावं लागेल. मी ह्यांना ढकलून ढकलून एकदा पाठवलं. थोड्याच वेळात परत आले, खुर्चीत बसले, म्हणाले, “कोणी नाही तिथे.” त्या दिवशीचं तेवढंच बोलणं. मला अध्यक्षांचा असा राग आला की मी त्यांच्या घरचं हळदीकुंकू चुकवलं.

मग केळी निसवली, केळफुलं बाहेर आली. घड लोंबायला लागले, आणि लोक येता-जाता फाटकातून वाकून बघायला लागले. एका सकाळी एका घडाची खालची फणी कापून नेलेली दिसली, आणि कॉलनीत असा गोंधळ उडाला की जणू देवळातली मूर्ती गेली. आजपर्यंत कळलेलं नाही कोणी नेली. राखणदार नेमायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं; कोण नेमायचा, यावर भांडण.

“यांच्या जावयाचा टेम्पोच केळी भरते, यांले कसं बसवता?”

“आणि तुमच्या घरी रोज कच्च्या केळाची भाजी बनते, त्याचं काय?”

तेवढ्यात अध्यक्षांची बायको म्हणाली, “मॅडमचे मिस्टर केळं खातच नाहीत.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खरंच, ह्यांना केळ्याने कफ होतो. सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळंसुद्धा गुपचूप माझ्या द्रोणात येतं. वर आमचं इथे ना शेत, ना टेम्पो. सारी सभा आमच्या घरी आली आणि एखाद्या साधुपुरुषाकडे बघावं तशी ह्यांच्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता हे ‘हूं’ म्हणणार आणि विषय संपणार.

हे म्हणाले, “पाळी किती वाजता लागते?”

मी आत गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

पाळी संध्याकाळी पाचला लागायची, रात्री फाटकाला कुलूप पडेपर्यंत. हे साडेचारलाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. ह्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता, एकमेकांवर नव्हता. एक जण ‘जरा बघून येतो’ म्हणून गेला की दुसरा त्याच्यावर नजर ठेवायला जाई, आणि तिसरा त्या दोघांवर. मग कोणी शेंगदाणे आणले, बायका मेथीच्या जुड्या घेऊन आल्या, मुलांना लपाछपीला इतकी चांगली जागा आयुष्यात मिळाली नव्हती. थंडी पडल्यावर एकाने गरम मावा जिलेबी आणली. संशयाने एवढी माणसं एकत्र आलेली मी तरी पाहिली नव्हती. आणि एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मला ह्यांचा आवाज ऐकू आला. मिलमध्ये चालत्या मशीनवर कागद फाटला की सगळे कसे धावायचे, साहेब कसा घसरून पडायचा, ते सांगत होते. खाली हशा पिकला. मी कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिले.

घड भरले तशी माझी झोप उडाली. केळी उतरवली की राखण संपणार. मी अध्यक्षांना गाठलं, म्हटलं, इतक्यात उतरवू नका.

“मॅडम, अजून ठेवले तर झाडावरच फाटतील.”

“फाटू द्या.”

त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. कॉलनीत बातमी पसरली की मॅडमना केळी जास्त हवी आहेत. म्हणून वाटपाच्या दिवशी सगळ्यांत मोठा वाटा आमच्या दारात आला, आणि घरात खाणारी मी एकटी.

घड उतरवले, खोडंही तोडली. दुसऱ्या दिवशी पाच वाजले. हे खुर्चीत. सव्वापाच झाले. मला बोलायचं होतं, पण जीभ उचलेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल. आणि मग हे उठले, चपला घातल्या आणि काही न सांगता बाहेर पडले.

मी मागोमाग निघाले. कोणी विचारलं तर पडलेल्यातलं एखादं बरं पान न्यायला आले म्हणून सांगणार होते; फाटकाबाहेर पडलेलं एक उचललंही होतं. बगीचा उघडा पडला होता, या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत होता, आणि सगळे तिथे होते. पण बसलेलं कोणीच नव्हतं. एक जण ठिबकची नळी बघत होता, ती कुठेच फुटलेली नव्हती. एकाची किल्ली हरवली होती म्हणे. अध्यक्ष बुंध्याशी उगवलेल्या पिलांना विनाकारण हात लावत होते. फाटकातून हे आत शिरताच त्यांनी विचारलं, “काय दादा, आज कसं येणं केलं? काही राहिलं का?”

“नाही,” हे म्हणाले. “काही काम नाही. मला घरात करमत नाही. तुमच्याशी बोलायला आलो.”

आमच्या गावात असं कोणी बोलत नाही. नळीवाला नळी धरून तसाच उभा राहिला. मला ह्यांच्यासाठी इतकी लाज वाटली आणि इतका अभिमान वाटला की मी हातातलं फाटकं पान घट्ट धरून ठेवलं.

अध्यक्षांनी हात झटकले. सगळ्यांत आधी तेच बाकावर बसले आणि बाजूला सरकून जागा केली.

“मंग बसा ना, दादा. खडे काय राहिले?”