दिल्लीचा कागद

शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात, टपाल मात्र चालू असतं. हे माझ्या ध्यानात आलं आणि माझी आठवड्याची एकुलती एक सुट्टी बुडाली. दर शुक्रवारी मी वळ या आमच्या गावाहून सायकल मारत भिवंडीत यायचो आणि कुलूप लावलेल्या कारखान्याच्या पायरीवर पोस्टमनची वाट बघत बसायचो. आणीबाणीचं वर्ष होतं. सगळं कसं वेळेवर चाललंय, असं लोक एकमेकांना ऐकवत होते. माझं एक पत्र तेवढं कुणाच्या धाकात नव्हतं.

पत्र दिल्लीहून यायचं होतं. तिथे नाटक शिकवणारी एक मोठी शाळा होती. मुलांना तीन वर्षं ठेवून घेत, शिष्यवृत्ती देत, आणि अख्ख्या देशातून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच जण घेत. मी बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो आणि एका मागाच्या कारखान्यात कापडाचे तागे तपासून घड्या घालत होतो. कॉलेजच्या गॅदरिंगमधली दोन नाटकं आणि गावच्या जत्रेत केलेला एक राजा, एवढी माझी पुंजी. तेवढ्यावर आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी माझा अर्ज भरून पाठवला आणि एप्रिलमध्ये मुंबईला परीक्षेसाठी बोलावणं आलं. शेठला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जायचं तर जा. पण जुलै संपेपर्यंत काय ते सांग. नाही गेलास तर तुला घडीखात्यावर कायम करतो." म्हणजे एकीकडे दिल्ली आणि दुसरीकडे जन्मभर घड्या, असा सरळ हिशेब होता.

पत्ता मी मुद्दाम कारखान्याचा दिला होता. घरचा दिला असता तर पत्र आधी गावच्या किराणा दुकानात पडलं असतं आणि माझ्या हातात येईपर्यंत अख्ख्या आळीने वाचलेलं असतं. नापास झालो तर निदान पहिलं आपल्याला कळावं, एवढीच इच्छा. अर्ज करतानाच नापास व्हायची सोय करून ठेवणारा माणूस मी.

आता परीक्षेत काय झालं ते सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथलं आहे. आधी मी राजाचं भाषण केलं. पाठ होतं, आवाज होता, छाती काढून उभा राहिलो होतो. समोरच्या तिघा परीक्षकांपैकी एकानेही कागदावर काही लिहिलं नाही. मग त्यांच्यातल्या बाई हिंदीत म्हणाल्या, "हे राहू द्या. तुमच्या गावचं, तुमच्या घरचं काही करून दाखवा."

माझी आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्यांनी. हळद असो, मांडव असो, नवरीला न्हाऊ घालायचं असो, त्या त्या वेळचा धवला म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नसे. आई मांडवात तांदळाचं सूप पुढ्यात घेऊन बसायची, गावोगावच्या देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून आवतण द्यायची. एक धवला संपला आणि दुसरा सुरू व्हायचा, त्या मधल्या वेळात ती जमलेल्या बायकांवर ओरडायची. तिचं ओरडणं पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. लोक हसायचे आणि तिलाच बोलवायचे.

दुसरं काही सुचेना. मी खाली बसलो, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि आई झालो. एक धवला धरला, मध्येच तोडून खेकसलो, "नवरीचे आये, हलद कवा आनशील गो? पुढल्या सालाला?" पुन्हा सूर धरला, पुन्हा तोडला, "धवलारनीला चाय दिली का कुनी? का देवाला सांगू तुमची नावा?" तिघेही हसले. बाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना शब्द किती कळले देव जाणे, पण ओरडणं कळलं. मला चेव आला. मी आईचा खोकला केला, तिचं गुडघ्यावर हात टेकून उठणं केलं, होतं नव्हतं ते सगळं केलं. बाहेर आलो तेव्हा पाय जमिनीवर नव्हते.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय करून दाखवलंस रं?"

"राजा," मी म्हणालो.

"बरा केलंस," ती म्हणाली. तिला माझा राजा आवडायचा.

मग मे महिना आला आणि आईची लग्नं सुरू झाली. तिला सायकलवर मागे बसवून मांडवात पोचवायचं काम माझं. कधी कशेळी, कधी मानकोली. ज्या घरी जाऊ तिथे आई माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "पोर दिल्लीला चाललाय. कागद यायचा बाकी हाय." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

मानकोलीच्या एका लग्नात मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. आता आईकडे बघायची माझी नजरच बदलली होती. परीक्षेत केलेलं बरोबर होतं का, हे मी पडताळून बघत होतो. टॉवेल जरा जास्त पुढे ओढला होता. खोकला ठीक होता. आईने धवला तोडला आणि नवरीच्या आईवर कडाडली, "तू उबी काय रायलीस गो? तांब्या कोन आनल, तुजी सासू?" बायका खिदळल्या. मीही हसलो. आणि हसता हसता मला दिसलं, की ओरडायच्या आधी आईने मान वर करून त्या बाईकडे पाहिलं होतं. बाईचा चेहरा वेडावाकडा झाला होता, हुंदका अगदी गळ्यापर्यंत आला होता. ओरडा बसताच ती दचकली, "आनते, आनते" म्हणत धावली, आणि तांब्या घेऊन आली तेव्हा सावरलेली होती. आईने पुढचा धवला धरला.

मला वाटलं, योगायोग असेल. पुढच्या लग्नात नीट लक्ष ठेवलं. तिथेही तेच. गाण्यात लेक परक्याची व्हायची वेळ आली, की आईची नजर मांडवातून फिरायची आणि ज्या बाईचा बांध फुटायच्या बेतात असेल नेमकी तीच शिव्या खायची. एकदा तर नवरीच्या बापालाच तिने पाट आणायला पिटाळलं. पाट तिथेच होता.

मी लहानपणापासून हे बघत आलो होतो. आणि मला फक्त ओरडणं दिसलं होतं.

त्या दिवसापासून माझी आशा संपली. दिल्लीवाल्यांनी मला नापास केलं तर ते का, याचं उत्तर माझ्याकडे पत्राच्या आधी आलं होतं. परीक्षेतल्या बाई डोळे पुसत हसल्या होत्या, त्या माझ्या आईला हसल्याच नव्हत्या. एका खेकसणाऱ्या म्हातारीला हसल्या होत्या, आणि ती म्हातारी मी बनवली होती. तिथे परत जाऊन सांगावंसं वाटे, अहो, मला पाच मिनिटं द्या, एक नजर राहिली करायची. पण असं कुठे जाऊन सांगता येतं? चुकलेला ताग्याचा तुकडा निदान कापून बाजूला ठेवता येतो. मला स्वतःचा भयंकर राग यायचा, आणि तो मी घरी भाकरी करपली म्हणून काढायचो.

तरी शुक्रवार चुकवला नाही. कारखान्यात एक वयस्क विणकर होते, उत्तर प्रदेशातले, सगळे त्यांना चाचा म्हणत. दुपारची नमाज झाली की पांढऱ्या कुर्त्यात कारखान्याच्या गल्लीतून परतताना ते माझ्याशेजारी पायरीवर टेकायचे. "क्यूं मियां, बुलाया दिल्ली ने?" मी नाही म्हणून मान हलवायचो. "इत्ते दिन में तो बारात आके खाना खाके चली जाती है," ते म्हणायचे आणि खिशातून बडीशेप काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. पोस्टमन यायचा, समोरच्या कारखान्याची दोन पाकिटं दाराखालून सरकवायचा आणि माझ्याकडे न बघता जायचा. सुरुवातीला तो "नाही बरं का" असं म्हणत असे. पुढे पुढे त्यालाच अवघड वाटू लागलं असावं.

जुलै उजाडला. प्राध्यापक एकदा बाजारात भेटले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, की दिल्लीचे वर्ग सुरू झाले असं ऐकलंय. "पण तू धीर सोडू नकोस," असंही म्हणाले. वर्ग सुरू झाल्यावर धीर धरून काय करायचं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारीही मी जाऊन बसलो. आता कशाची वाट बघत होतो, तर नकाराची. नाही म्हणायलासुद्धा कुणीतरी लागतं.

नकार मंगळवारी आला, माग चालू असताना. चार ओळींचं टाइप केलेलं इंग्रजी पत्र. आपली निवड होऊ शकली नाही हे कळवताना खेद होतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी ते घडीच्या टेबलावर, ताग्यावर ठेवून वाचलं. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून चाचांनी लांबूनच हात उलटा करून विचारलं. मी मान हलवली. ते माझ्याकडे यायला निघाले, तेवढ्यात त्यांच्या मागावर धागा तुटला आणि ते मागे वळले. संध्याकाळी शेठकडे जाऊन मी सांगितलं, की कायम करा. तो म्हणाला, "मला माहीत होतं." वाईट मनाने म्हणाला नाही, पण ते मला अजून आठवतं.

आवणीचे दिवस होते. आई दिवसभर चिखलात भाताची रोपं लावून आली होती आणि पडवीत पाय धूत होती. मी म्हटलं, "आये, कागद आला. न्हाय घेतला मला."

ती पायावर पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "राजा तर तू चांगला करतंस. आवडला न्हाय त्यांना?"

इतके दिवस दाबून ठेवलेलं मग बाहेर पडलंच. "राजा न्हाय केला. म्हणजे केला, पण त्यांनी थांबवलं. मग तुला केलं."

"मना?"

"तुला. मांडवातली."

तिने तांब्या खाली ठेवला. "कर बगू."

मी नको नको म्हणालो. ती ऐकेना. शेवटी पडवीत बसलो, टॉवेल डोक्यावर घेतला आणि केलं. आता मला ती नजर माहीत होती. मनात आणलं असतं तर ती घालून करता आलं असतं. पण समोर तीच बसलेली, धीर झाला नाही आणि मुंबईला केलं होतं तसंच्या तसं करून मोकळा झालो. तेच खेकसणं, तोच खोकला, तेच गुडघ्यावर हात टेकून उठणं.  मुंबईला जिथे ते हसले होते तिथे आई हसली नाही, रागावलीही नाही. शेजारच्याच्या घरातली भांडणं ऐकावीत तशी मान किंचित तिरकी करून बघत राहिली.

संपल्यावर तिने विचारलं, "सगला असाच दाखवलंस?"

"हो."

"आन मंग न्हाय बोलले?"

"हो."

ती बराच वेळ पायाच्या बोटांतला चिखल काढत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजे मनाच नापास केला त्यांनी."

मला सांगता आलं असतं. आये, ते तुझं सोंगसुद्धा नव्हतं, मला तू दिसलीच नव्हतीस, हे मला मानकोलीपासून माहीत आहे. दोन वाक्यांचं काम होतं. ती तेवढ्यासाठीच थांबली होती असं आता वाटतं. पण मी गप्प बसलो. कारण नापास ती झाली असेल, तर मी झालो नव्हतो. आणि तिचं ते वाक्य ऐकून, खोटं कशाला बोलू, त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं होतं.