मास्तरीणबाईंचा जहाजाचा गाऊन

समोरच्या माणसाचा चेहरा त्या सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी खांदे, मग कंबर, मग बूट. दोरा दातानेच तोडायच्या, कात्री हाताशी असली तरी. ओठांत टाचण्या धरून बोलायच्या आणि ते आम्हा सगळ्यांना नीट कळायचं. दुपारचा डबा दारात उभ्यानेच खायच्या, कापडाच्या टेबलापासून लांब. घरी जाताना गळ्यातला टेप काढायला विसरायच्या. बसमध्ये कुणी टक लावून पाहिलं तर म्हणायच्या, "दागिना आहे माझा." रस्त्यात कुणाची शिवण उसवलेली दिसली की त्यांना चैन पडत नसे. एकदा सिग्नलला उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांना त्या हळूच म्हणाल्या होत्या, "मागून सांभाळा हं." गिऱ्हाईक आवडलं नाही की त्याला दर वाक्यात 'साहेब' म्हणायच्या.

हे सगळं मी भूतकाळात लिहिते आहे. हाताला अजून सवय नाही.

बंदराच्या रस्त्यावर आमचं कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. समोरच्या धक्क्याला प्रवासी जहाजं लागतात. आठवडाभराच्या सफरीत एकदोन संध्याकाळी अशा असतात की मोठ्या हॉलमध्ये जेवायला जायचं तर पुरुषांना काळा कोट आणि बायकांना पायघोळ गाऊन लागतो. बाकीच्या संध्याकाळी साधं पण नीटनेटकं चालतं. दिवसा तर काहीही. लोक पोहायचे कपडे आठवणीने भरतात आणि नेमकी ती संध्याकाळ विसरतात. मग जहाज सुटायच्या आधी धापा टाकत आमच्याकडे येतात. कुणी कोट आणलेला असतो, पँट घरी. कुणाची बायको त्याच्याशी बोलत नसते.

साहित्यात एम.ए. करून मी तिथे पावत्या फाडायचे. त्या आतल्या खोलीत मशीनवर. त्यांच्या आधी तिथे एक टेलर मास्तर होते. ते सोडून गेले, मशीन यांच्याकडे आलं आणि मास्तरची मास्तरीण झाली. मला त्या 'विदुषी' म्हणायच्या. "विदुषी, जरा तो खडू दे. की त्यावर निबंध लिहून देतेस?"

गिऱ्हाइकांशी त्यांचं बोलणं ऐकायला मी मुद्दाम पडद्यापाशी थांबायचे.

"हाफ पँट चालणारच नाही का हो? मी सुट्टीवर चाललोय."

"दिवसा चालेल ना साहेब. संध्याकाळी गुडघ्यांनाही सुट्टी द्या."

"गळ्याशी आवळतंय पण."

"जेवायला चाललात, फासावर नाही. दोन बोटं घालून बघा. जातात? मग झालं तर."

जहाजावर त्या स्वतः कधी चढल्या नव्हत्या. जे माहीत होतं ते परत आलेल्या कपड्यांवरून. बाहीवरचा रस्सा, कॉलरवरची लिपस्टिक, तुटलेला हूक. आठवडाभर खाऊन माणूस सुटतो, म्हणून कमरेच्या शिवणीत त्या आत जास्तीचं कापड सोडून ठेवायच्या. "वाढलात तरी काळजी नको," असं प्रत्येकाला सांगायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचं बोलावणं आलं. बहीण दुसऱ्या शहरात राहते. मेहुण्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. मुलांनी सगळ्या घरादारासाठी जहाजाची सफर ठरवली होती, आमच्याच धक्क्यावरून. मावशी हवीच, असं भाचे धरून बसल्यामुळे यांचंही तिकीट काढलं होतं.

आई गेल्यावर या बहिणीचे सगळे कपडे मास्तरीणबाईंनीच शिवले होते. शाळेत मुली बहिणीला 'घरची शिलाई' म्हणून चिडवायच्या. लग्न होऊन गेल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर ते सगळे कपडे वाटून टाकले. मास्तरीणबाई हे हसत सांगायच्या. मीही हसायचे. माझ्या लक्षात आलं नव्हतं की त्या हे फार वेळा सांगतात.

बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कापड होतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मी टेबलावर ठेवला.

"ताई, दोन संध्याकाळी ड्रेसचं बंधन आहे हं."

"मला सांगतेस होय गं?"

"तसं नाही. म्हणजे तू शिवू नकोस काही. मी आणते तुझ्यासाठी. तिथे फोटोबिटो काढतात."

"माझ्याकडे मशीन आहे."

"ते आहेच गं. पण विकतचं ते विकतचं. आणि तुला अवघडल्यासारखं वाटणार असेल तर वरच्या मजल्यावर पण जेवण असतं म्हणे. तिथे कशावरही चालतं. तू वर जेव, आम्ही नंतर येऊ तुला भेटायला."

मास्तरीणबाईंनी मशीनचं पायडल दोनदा उगाच दाबलं.

"वर काय चालतं मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ओल्या चड्डीवर बसतात तिथे. ठेव आता, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "विदुषी, मी वर जेवणार नाही."

त्यांना एवढंच हवं होतं. स्वतः शिवलेला गाऊन घालून त्या हॉलच्या दारातून आत जायचं आणि बहिणीच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं.

कापड त्यांनी गर्द हिरवं आणलं. मालक म्हणाले, "बाई, रॅकवरचा एखादा घेऊन जा की, भाडं नको." त्या म्हणाल्या, "लोकांचं घालून जायचं असतं तर बहिणीचंच घातलं असतं." मालक स्वभावाने गरीब. त्यांनी काढलेला हँगर परत रॅकवर अडकवला.

स्वतःचं माप स्वतःला नीट घेता येत नाही. हात उचलला की खांदा बदलतो, वाकलं की कंबर. म्हणून टेप माझ्या हातात दिला. पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं मी खूप पाहिली होती. त्या ओढत नव्हत्या. आरशात न बघता सरळ उभ्या होत्या. मी आकडे सांगत गेले, त्या कापडाच्या कडेवर खडूने लिहीत गेल्या. कमरेशी थांबल्या.

"परत माप."

मी परत मापलं. तेच आलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा घालून बघितला तेव्हा गाऊन अंगावर लोंबत होता. त्या माझ्यावर उखडल्या. "कवितेच्या ओळी मोजतेस तसं मोजलंस वाटतं! टेप सैल धरलास." मी पुन्हा मापं घेतली. टेप सैल नव्हता. आकडे कमी झाले होते. त्यांनी ते ऐकले, शिवण उसवली आणि आत घेतली.

दुसऱ्या वेळी तेच. तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. कुशीपाशी लोंबणारं कापड मुठीत धरून आरशासमोर उभ्या राहिल्या.

"लोकांना सांगत फिरते, वाढलात तरी काळजी नको. आणि माझं बघ."

मग त्यांनी सांगितलं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी लगेच दाखल व्हायला सांगितलं होतं, तेही महिन्यापूर्वी.

मी म्हटलं, "मास्तरीणबाई, उद्या जाऊया आपण. मी येते सोबत."

"जहाजाहून आल्यावर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वेळ घालवू नका म्हणाले. मी कुठे घालवतेय? शिवतेय."

"बहिणीला सांगा मग."

"सांगितलं की सफर रद्द करतील. नाहीतर मला घरी ठेवून जातील. दोन्हीत मी काही त्या हॉलमध्ये जात नाही." त्यांनी सुईत दोरा ओवला. "आणि तू तोंड उघडलंस तर तुझ्या सगळ्या कपड्यांची शिवण उसवेन, लक्षात ठेव."

मी रोज विचारायचे. त्या रोज तेच उत्तर द्यायच्या, कधी हसून, कधी चिडून. त्यानंतर घरच्या कपड्यांवर त्या सैल डगला घालून दुकानात यायला लागल्या. खडू लागतो म्हणून, असं मालकांना सांगितलं.

जहाज सुटायला थोडेच दिवस राहिले असताना बहीण दुकानात आली. हातात मोठी पिशवी. शहरातल्या नावाजलेल्या दुकानातून घेतलेला निळा गाऊन. घेतला तेव्हा बसला होता, आता कमरेला लागत नव्हता. त्या दुकानाने दुरुस्तीला एवढ्यात वेळ नाही म्हणून सांगितलं होतं.

"ताई, तूच बघ आता. माझी लाज राख बाई."

"बघ, विकतचं ते विकतचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. पण स्टूल पुढे ओढलं.

बहीण आरशासमोर उभी राहिली. या तिच्या पायाशी गुडघे टेकून बसल्या, ओठांत टाचण्या. बहिणीने वरून बघितलं. डगल्याच्या गळ्यातून मानेची हाडं दिसत होती.

"बारीक झालीस की गं! काय करतेस काय? मला पण सांग ना."

मी पडद्यापाशी होते. माझं तोंड उघडलं असावं. मास्तरीणबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

"शिव," त्या टाचण्यांमधून बहिणीला म्हणाल्या. "दिवसभर शिवत बस. वर खायला वेळ मिळू द्यायचा नाही."

"तुझं बाई नेहमीचंच. तुझा झाला का?"

"होतोय."

"दाखव तरी."

"नाही. तिथेच बघ. आणि हलू नकोस, टोचेल."

"लहानपणी मुद्दाम टोचायचीस."

"हलायचीस म्हणून."

दोघी हसल्या. बहीण गेल्यावर त्या उठल्या नाहीत. मी हात दिला तेव्हा उठल्या.

त्या निळ्या गाऊनच्या शिवणीत आत काहीच कापड सोडलेलं नव्हतं. खालचा घेर उसवून त्यातून त्यांनी दोन पट्ट्या काढल्या आणि दोन्ही कुशींना जोडल्या. अस्तर वेगळं, चेन वेगळी बसवली. मी म्हटलं, तुमचा आधी पुरा करा. त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाचं आधी. बहीण काय गिऱ्हाईक आहे का, मी म्हटलं. "आज पहिल्यांदाच झालीय," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्या खूश होत्या. दर थोड्या वेळाने मशीनवर डोकं टेकवून बसायच्या आणि मी आत आले की दोरा शोधत असल्यासारखं करायच्या.

निळा गाऊन झाला. भाचा येऊन घेऊन गेला. मग त्यांनी स्वतःचा काढला. पुन्हा एकदा कुशी आत घ्याव्या लागल्या. बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. दंड फार वाळले होते, म्हणून बाह्या मनगटापर्यंत हव्या होत्या. संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाल्या, "उद्या बाह्या बसवल्या की सुटले."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. शेजारणीचा फोन आला. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा बहीण वाटेत होती. ती पोहोचली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" बहिणीने मला एवढंच विचारलं.

"हो."

तिने माझ्याकडे पाठ केली.

सफर रद्द झाली नाही. मुलं म्हणाली, मावशीलाही हेच आवडलं असतं. अशा वेळी लोक जे म्हणतात तेच म्हणाली. त्यांना वाईट म्हणण्याइतकं मला त्यांच्याबद्दल माहीत नाही.

जहाज सुटायच्या दिवशी बहीण एकटीच दुकानात आली. बाहेर गाडी उभी होती, टपावर बॅगा बांधलेल्या. ती म्हणाली, "तिचा बघायचाय."

मी रॅकवरून काढून दिला. बहिणीने तो सरळ उलटा केला आणि आतून बघितला. घरी शिवलेले कपडे वर्षानुवर्षं घातलेलं माणूस तसंच बघतं. कुशीला शिवणीच्या बाहेर सुईच्या भोकांची एक बारीक ओळ होती. तिच्या आत दुसरी. तिच्या आत तिसरी. बहिणीने त्या ओळींवरून अंगठा फिरवला, बाहेरून आत.

"एवढ्या वेळा उसवलाय?"

"हो."

"मी आले त्याच्या आधीपासून?"

"हो."

ती स्टुलावर बसली. "बारीक झालीस म्हटलं मी तिला," ती म्हणाली. "मला पण सांग म्हटलं."

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मालक पडद्याआडून आले आणि बघून परत गेले.

"ही बाही तू बसवशील का?" बहिणीने विचारलं.

मला शिवता येत नाही. येत असतं तरी बाही अंगावर घालून बसवायची असते. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली, गाऊन सुलटा केला, माझ्या हातात दिला आणि गेली. निळा गाऊन तिने बॅगेत भरला होता की नाही, मी विचारलं नाही.

मालक म्हणाले, राहू दे रॅकवर. तिथे भाड्याचे कपडे आहेत, म्हणून मी तो आतल्या खोलीत मशीनशेजारी टांगला आहे. डावी बाही कच्च्या टाक्यांवर आहे, पांढरा दोरा तसाच लोंबतो आहे. उजवी अजून कापलेली नाही. टेबलावरच्या हिरव्या कापडावर तिची नुसती खडूची रेघ आहे, मनगटाशी अर्धवट सोडलेली.