पांढऱ्या बैलापुढे काढलेले बूट

दक्षिण सुदान म्हटलं की पुण्यातल्या लोकांना वाळवंट आणि उंट आठवतात. आम्ही मात्र गुडघाभर चिखलात होतो. शांतिसेनेच्या आमच्या तुकडीत मी सुभेदार, आणि लोणी काळभोरचा हवालदार नामदेव गुरांच्या दवाखान्यात होता.

नऊ जुलै हा त्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गुरं पळवण्यावरून एकमेकांची माणसं मारणाऱ्या दोन वस्त्यांनी त्या दिवशी समेट करायचं ठरवलं. तिथली रीत अशी, की पांढरा बैल कापायचा आणि दोन्हीकडच्यांनी तो ओलांडायचा. मग वैर संपलं. बैल कापून आडवा पडला, पण आधी कोण ओलांडणार, यावर घोडं अडलं. बंदुका दोन्हीकडे होत्या.

म्हातारा मुखिया म्हणाला, "ज्यानं दोघांचीही गुरं बरी केली, तो आधी."

सगळे नामदेवकडे बघू लागले.

"साहेब, पोळ्याला आम्ही याच्या पाया पडतो. ओलांडू कसा?"

"ऑर्डर देत नाही. तुझं तू ठरव."

नामदेवनं बूट काढले, मोजेही काढले. वाकून बैलाच्या कपाळाला हात लावला, तोच स्वतःच्या कपाळाला लावला आणि बैल ओलांडला. कुणी हललं नाही. मला वाटलं, रीत मोडली, आता गोळी सुटणार.

मग मुखियानं वहाणा काढल्या आणि तोही तसाच वाकला. त्याच्यामागे रांग लागली. वाकताना अडचण होते म्हणून लोकांनी बंदुका खाली ठेवल्या. एवढ्या नोकरीत मी असा थक्क कधी झालो नाही.

त्याच पावसाळ्यात गुरांना लस टोचायला गेलेल्या गस्तीच्या तुकडीवर लुटारूंनी फायर केला. रेडिओवर आलं, "वन कॅज्युअल्टी. हवालदार नामदेव. ओव्हर." त्याला तिरंग्यात लोणीला मीच आणलं.

यंदा पुण्यात शिकणाऱ्या दक्षिण सुदानच्या विद्यार्थ्यांनी येरवड्यातल्या एका हॉलमध्ये त्यांचा स्वातंत्र्यदिन साजरा केला. मी नामदेवच्या पत्नीला, वहिनींना, सोबत नेलं. मंचावर पांढऱ्या कापडाचा बैल होता. अबूक नावाच्या मुलीनं चपला काढल्या, बैलाच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या, आणि बैल ओलांडला.

वहिनींनी माझा दंड धरला. "भाऊ, हे तर आमच्या पोळ्याचं हाय."

मी अबूकला विचारलं, ही रीत कुठली?

ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "आमच्याकडे आलेल्या एका सैनिकानं घालून दिली, असं आजोबा सांगायचे. त्याचं नाव मात्र कुणाला माहीत नाही."

वहिनींनीच सांगितलं, "नामदेव." मग चपला काढून त्या बैलाकडे गेल्या.